लक्ष्मीबाई टिळक : घराण्याची स्मृती आणि 'स्मृतिचित्रे'

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. त्यांच्या जन्माआधीच त्या घरावर एक सावली पडून चुकली होती. आईचे वडील १८५७ च्या बंडात फासावर गेले, आणि त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. न पाहिलेली ती फाशी मुलीच्या वाट्याला शौर्यकथा म्हणून नव्हे, तर घरातल्या नित्याच्या धाकाच्या रूपाने आली. त्याच मुलीने पुढे वडिलांचे हे वेड हसतहसत, पण तिरस्काराचा लवलेशही न ठेवता रेखाटले. हा केवळ भाबडेपणा समजणारी टीका उथळच म्हटली पाहिजे.

१८८० मध्ये कवी नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. दीर्घ वियोगानंतर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. माहेरचा स्पर्शास्पर्श मात्र एका दिवसात गळून पडला नाही. तो टप्प्याटप्प्याने सुटला, आणि ग्रंथातील उत्कृष्ट पाने या सुटण्याचीच आहेत.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले. पुत्र देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. आईने त्या लिहिल्या, आणि चरित्राच्या साधनांतून आत्मचरित्र उभे राहिले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग निघाले. १९३६ मध्येच लक्ष्मीबाई वारल्या. पुढे ग्रंथाच्या संपादनाचे काम नातू अशोक टिळक यांनी केले.