भास्कराचार्य आणि चक्रवाल

इंदूरहून दक्षिणेस नर्मदा, सातपुडा व तापी ओलांडली की आपण खानदेशात येतो. तेथे चाळीसगावाजवळ पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत कोरलेली आहे.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधील. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनीच लिहून ठेविले आहे. पिता महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. कन्या लीलावतीची कथा पुष्कळ पुढे, १५८७ च्या फारसी भाषांतरात आली. ती आम्ही येथे सांगत नाही.

‘बीजगणिता’त त्यांनी एक प्रश्न घेतला आहे. कोणत्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गच येतो? चाचपडत बसल्यास जन्म पुरणार नाही; कारण सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग होय! फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच प्रश्न १६५७ मध्ये आव्हान म्हणून घातला.

भास्कराचार्यांची रीत चक्रवालाची. जयदेवासही ती ठाऊक होती, पण तिला कीर्ती मिळाली ती भास्कराचार्यांमुळे. ८ चा वर्ग ६४. ६१ वजा जाता शेष ३. आता ७ हा गुणक घेऊन ८ व ७ यांची बेरीज ३ ने भागली की ५ येतात. त्याच क्रियेने ८ चे ३९ होतात. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, शेष उणे ४. या नव्या संख्यांवर पुन्हा तीच क्रिया करावी व शेष १ आला की थांबावे. स्वतः आचार्यांनी येथे ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’ने पुढील वाट आखूड केली.

आज हॅस्केल नामक संगणकभाषेत हे काम असेच लिहितात. तीत फेऱ्या घालणारी वेगळी रचना नाही. क्रियेच्या व्याख्येतच तिचे स्वतःचे नाव येते. शेष १ असेल तर उत्तर छापून थांबावे. नसेल तर हातच्या संख्या छापून नव्या संख्यांवर हीच क्रिया करावी. थांबण्याची अट लिहावयास आम्ही एकदा विसरलो, तेव्हा पडदा आकड्यांनी भरतच राहिला.

११८३ च्या सुमारास आचार्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या पदरी गेला. नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी; आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने पाटणास मठ स्थापिला, व १२०७ मध्ये त्या मठास दान मिळाले.