गच्चीवरची छत्री आणि विक्रमभाई

कम्युनिकेशनच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. पण दिवाळीच्या सुट्टीत जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, आजीने टीव्हीची छत्री बसवायचं काम माझ्यावर सोपवलं आणि माझं इंजिनिअरिंग किती पाण्यात आहे ते कळलं!

दर महिन्याचा रिचार्ज आजीला नको होता, म्हणून डीडी फ्री डिश घ्यायचं ठरलं. ६० सेंटीमीटरची डिश, एल.एन.बी. आणि आर.जी.-६ केबल घेऊन गच्चीवर चढलो. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आमच्या गावातून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. गणित बरोबर, तरी दोन तास सिग्नलचा पत्ता नाही. शेवटी ट्यूब पेटली. ऑफसेट डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघते, आणि मी तिला थेट आभाळाकडे वळवून ठेवलं होतं. खाली झुकवली, बोटबोट सरकवली, तेव्हा चित्र आलं.

आजीने सहज विचारलं, की खेड्यात अशी आकाशातून चित्रं आणायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? मला उत्तर देता आलं नाही. कॉलेजला परतल्यावर लायब्ररीत शोधलं, आणि तिथे विक्रमभाई भेटले.

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातला. केंब्रिजला शिकत असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. ते भारतात परतले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांवर काम करू लागले. युद्धानंतर पुन्हा केंब्रिजला जाऊन १९४७ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हा त्यांचं वय होतं २८! त्या वयात आपण बॅकलॉग आणि नोकरी यांच्या मधे कुठेतरी असू.

२१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिलं रॉकेट उडालं. तिथलं जुनं चर्च हेच त्यांचं ऑफिस होतं. अन्नधान्याची टंचाई असलेल्या देशाला हे असले खेळ कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. विक्रमभाईंचं उत्तर कामातून आलं. चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत त्यांना रस नव्हता. शेतकऱ्याला शेतीची माहिती आणि गावच्या शाळेतल्या पोरांना धडे आकाशातून मिळावेत, हे त्यांचं गणित होतं. टीव्ही शहरांतून हळूहळू झिरपत खेड्यात जाईल याची वाट बघायची त्यांची तयारी नव्हती. १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली आणि त्याच वर्षी नासाशी करार झाला. अमेरिकेने एक वर्ष उपग्रह द्यायचा, कार्यक्रम आणि जमिनीवरची यंत्रणा आपली.

यातली इंजिनिअरिंगची गंमत बघा. एटीएस-६ या उपग्रहावर ९ मीटरची अँटेना होती. वर ताकद जास्त, म्हणून खाली साधी छत्री पुरली. गावातल्या ३ मीटरच्या डिश कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या होत्या. फ्रिक्वेन्सी ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण ३५ सेंटीमीटर. एवढ्या लांब लहरीला जाळीची भोकं दिसतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. शिवाय हिशोब मांडला तर त्या डिशचा बीम सुमारे ८ अंश रुंद येतो, माझ्या डिशचा जेमतेम ३. म्हणजे खेड्यातली छत्री थोडी हलली तरी चालून जायचं, माझी बोटभर हलली की आजीची मालिका गेली!

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २,४०० गावांत ही चित्रं उतरली. या 'साइट' प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस. पण ते बघायला विक्रमभाई नव्हते. ३० डिसेंबर १९७१ ला कोवलमला झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. आमच्याच तालुक्यातल्या आर्वीच्या उपग्रह भूकेंद्राला नंतर विक्रम हे नाव मिळालं. त्या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन, नावाचा विचार कधी केला नव्हता.

३१ जुलै १९७६ ला प्रयोगाची मुदत संपली, उपग्रह परत गेला. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आला आणि आपला स्वतःचा उपग्रह टीव्हीसाठी कामाला लागला.

मी आजीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, की शिकून तू कुणासाठी काय करणार आहेस? मित्रांनो, हा प्रश्न आपल्या कुठल्याच पेपरात येत नाही. मी अजून उत्तर शोधतोय.