लक्ष्मीबाई टिळक : स्वतः शोधलेली श्रद्धा

शालेय वर्ष संपत आले की परीक्षा, निकाल आणि पुढील इयत्ता ह्यांचेच विचार विद्यार्थ्यांच्या मनात घोळू लागतात. पालकांच्या मनातही निराळे काही नसते. तथापि ज्या शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो, तेथील विद्यार्थ्यांनी वर्षअखेरीस आणखी एक हिशेब पाहणे उचित होय. श्रद्धेविषयी जे वर्षभर कानांवर पडले, त्यापैकी आपले स्वतःचे असे किती झाले? हा प्रश्न मनात धरून लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे चरित्र वाचावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले ह्यांच्या घरी झाला. वडील कमालीचे सोवळे. बाहेरून आलेली वस्तू, मग ते धान्य का असेना, धुतल्यावाचून त्यांना चालत नसे. अशा घरी मुलीच्या शिक्षणाची गोष्ट कोण काढणार? १८८० साली, अजाण वयातच, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाला. टिळक बुद्धिमान, रसिक व कवी. परंतु एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि हातात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होण्यात त्यांना आनंद वाटे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. लिहिण्यावाचण्याची गोडी मात्र त्यांना पतीनेच लावली.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. तिच्या वाचनाने टिळकांचे अंतःकरण ख्रिस्ताकडे ओढले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता कानी पडताच लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. पती जिवंत असून संसार मोडला! लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या. ह्या वियोगाचा काही काळ त्यांनी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर क्षेत्री घालविला. दुःख अनावर होई तेव्हा त्या कविता रचीत.

चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. परंतु धर्म दोघांचे दोन. लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळीत, स्वयंपाक निराळा करीत. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. ज्या काळी पतीचा शब्द हाच पत्नीचा कायदा समजला जाई, त्या काळी हा संयम सामान्य नव्हे.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला : जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने? त्यांच्यापुढे ग्रंथ नव्हते, पंडित नव्हते. त्यांनी आपल्याच मनाशी विचार केला, आणि हा भेद मनुष्यकृत आहे असे त्यांना स्वच्छ दिसले. एकदा दिसल्यावर त्या मागे फिरल्या नाहीत. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. लहानपणापासून हाडीमांसी खिळलेला संस्कार उपटून टाकण्यास केवढे धैर्य लागले असेल, ह्याचा विचार वाचकांनी करावा. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागून त्या आल्या हे खरे. परंतु पतीच्या पावलांवर डोळे मिटून आल्या नाहीत.

अशा श्रद्धेला फळ आल्यावाचून राहत नाही. अहमदनगरच्या त्यांच्या घरी पोरक्या मुलांना आसरा मिळाला, होतकरू कवींना जिव्हाळा मिळाला. बालकवी ठोमरे हे त्यांपैकीच एक. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, तेव्हा त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच होते. बालपणी शाळेचे शिक्षण न लाभलेल्या ह्या बाईंनी उतारवयात ते हाती घेतले आणि ६४ अध्याय रचले! अखेरचा अध्याय चिरंजीव देवदत्त ह्यांनी जोडला व १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र तर मराठी भाषेचे भूषणच ठरले आहे. त्यात स्वतःचा मोठेपणा कोठे नाही; स्वतःच्या फजितीवर त्या मनमोकळेपणाने हसतात. १९३६ साली नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रहो, नगर व सोलापूर ही दोन्ही अमेरिकन मराठी मिशनची जुनी केंद्रे. ह्या नात्यानेही लक्ष्मीबाई आपल्याला परक्या नाहीत. आपल्या शाळेत नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्या प्रत्येकास हे चरित्र एकच गोष्ट सांगते : श्रद्धा वडिलोपार्जित वतनासारखी हाती येत नाही, किंवा उसनी घेऊन चालत नाही. ती प्रामाणिकपणे शोधावी लागते. आणि सापडली की तिची साक्ष वाणीपेक्षा वर्तनाने द्यावी लागते. शेजाऱ्याला पाणी देताना त्याची जात विचारणाऱ्याने तोंडाने प्रार्थना म्हटली, तरी तिचा उपयोग काय?

पालकांनी व आम्हां शिक्षकांनी टिळकांचा तो संयमही ध्यानी घ्यावा. मुलाने प्रश्न विचारला म्हणून त्यास दटावू नये. शोधणाऱ्या मनाला वेळ लागतो, आणि प्रीतीने वाट पाहणे हेही श्रद्धेचेच काम आहे. ह्या विषयाची परीक्षा एका दिवसात होत नाही. तिला उभे आयुष्य पुरते. शाळेचा निरोप घेणाऱ्या आपणां सर्वांस प्रभू शोधक बुद्धी, निर्भय मन व प्रेमळ अंतःकरण देवो.