सरळ रेषांचा चित्रकार

हॉलंडमधील आमर्सफोर्ट या गावी ७ मार्च १८७२ रोजी पीट माँड्रियानचा जन्म झाला. त्याचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. ॲम्स्टरडॅमच्या कलाशाळेत शिकून तो नदीकाठ, झाडे आणि पवनचक्क्या रंगवू लागला. ती चित्रे पाहणाऱ्यास सहज कळत. पण तेवढ्याने त्याचे समाधान होईना.

चाळिशीच्या सुमारास तो पॅरिसला गेला. त्या शहरात एखादे जुने घर पाडले, की शेजारच्या घराची भिंत उघडी पडे. पाडलेल्या खोल्यांचे चौकोन आणि मजल्यांच्या आडव्या खुणा तिच्यावर उमटलेल्या असत. अशा ओबडधोबड भिंतीत पाहण्यासारखे ते काय? परंतु माँड्रियान तिची रेखाटने करी व त्यांवरून चित्रे रंगवी. हळूहळू त्याच्या चित्रांतून भिंती गेल्या, खिडक्या गेल्या. उरल्या त्या उभ्या-आडव्या रेषा. १९२० नंतर तर काळ्या रेषा, पांढरी व करडी जागा आणि तांबडा, पिवळा, निळा हे तीनच रंग, एवढाच त्याचा संसार राहिला. अशी चित्रे विकत घेणारे थोडे. म्हणून पोटासाठी तो फुलांची चित्रे काढून विकी.

पुढे जर्मनीत नाझींनी अशी कला भ्रष्ट ठरविली. युद्ध जवळ येत आहे हे ओळखून १९३८ मध्ये तो लंडनला गेला. १९४० मध्ये तेथेही बाँब पडू लागले, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी समुद्र ओलांडून तो न्यूयॉर्कला पोहोचला.

तेथील रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे. जणू त्याचेच चित्र जमिनीवर अंथरलेले! या अबोल रेषांच्या चित्रकाराला नृत्यसंगीताचे वेड होते, हे सांगून खरे वाटणार नाही. बूगी-वूगी नावाचे द्रुत लयीचे पियानोवादन त्याला फार आवडे. मग त्याने एक धाडस केले. वीस वर्षे जपलेल्या काळ्या रेषा त्याने टाकून दिल्या. १९४३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ या चित्रात पिवळ्या पट्ट्यांवरून तांबडे, निळे, करडे चौकोन दिव्यांसारखे लुकलुकत धावतात.

युद्धातील विजयाच्या आशेने त्याने पुढचे चित्र आरंभिले. रंगीत कागदी चिकटपट्ट्या लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या, असे ते काम चालले होते. १ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले, तेव्हा ते चित्र अपुरेच होते. हॉलंडमधील हेग शहराच्या संग्रहालयात ते आज चिकटपट्ट्यांसह पाहावयास मिळते.