महर्षी अण्णासाहेब कर्वे : एक झोळी, अनेक हात

कोकणात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरुड नावाचे गाव आहे. तेथील दुर्गादेवीच्या देवळात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एक लाजाळू, अंगाने किरकोळ मुलगा ग्रामस्थांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत असे. गावातील सोमण गुरुजींनी त्याला हे काम लावून दिले होते. हाच मुलगा पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून भारतभर ओळखला गेला. अण्णांचा जन्म दिनांक १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. बालपण मात्र मुरुडला गेले. देवळात बसणाऱ्या चार माणसांचे काम ते आपले काम, ही शिकवण त्यांना तेथे मिळाली.

मुंबईस शिक्षण घेऊन शिकवण्या करू लागल्यावर अण्णांनी स्नेह्यांच्या साहाय्याने मुरुड फंड काढला. एकाच श्रीमंताने गावाचा भार उचलावा असे नव्हे, तर कमावत्या मुरुडकरांनी थोडे थोडे द्यावे व त्यातून गावाच्या उपयोगाची कामे व्हावीत, असा त्यामागील हेतू होता. हिशेब चोख ठेवण्याचा अण्णांचा कटाक्ष येथूनच दिसू लागतो.

पुढे त्याच गावाने त्यांच्याकडे पाठ फिरविली. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. १८९३ च्या मार्चमध्ये अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. ज्या गावासाठी वर्गणी गोळा केली, त्या गावात सख्ख्या आईच्या घरी उतरणेही अवघड झाले. हा घाव लहान नव्हता. पण अण्णा कोणाशी भांडले नाहीत. ही गोष्ट आजच्या गावपुढाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

दिनांक १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. १९०० साली पुण्याबाहेर हिंगणे येथे, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली आणि तेथे आश्रम आला. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि कॉलेज सुटल्यावर चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जात. सुट्टी लागली की देणगीसाठी बाहेर पडत. तथापि एकट्या माणसाच्या पायांनी संस्था फार काळ चालत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले.

म्हणूनच आश्रमाच्या झोळीला इतर हात लागले. त्यांतील सर्वांत मोठे नाव पार्वतीबाई आठवले यांचे. त्या गोदूबाईंच्या बहीण. वैधव्य आलेल्या, आणि अक्षरओळखही उशिरा झालेल्या. आश्रमाच्या छत्राखाली शिकून त्या तेथील कामात पडल्या आणि गावोगाव सभांतून बोलून आश्रमासाठी पैसा उभा करू लागल्या. लाल आलवण नेसलेली विधवा बाई सभेत उभी राहून पैसे मागते, हे दृश्यच त्या काळी नवे होते! १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे घरकाम करून पोट भरले, इंग्रजी शिकल्या, आणि तेथेही आश्रमाचा विसर पडू दिला नाही. जिच्यासाठी मागायचे तीच मागू लागली, म्हणजे देणाऱ्याला निराळी खात्री पटते.

गोदूबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, यांची कथा मात्र कडू आहे. विधवा मुलींच्या पालकांचा व देणगीदारांचा विश्वास डळमळू नये, म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामे अलग ठेवली. त्यामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांना आश्रमापासून दूर राहावे लागले. घरखर्चाची ओढाताणही त्यांच्याच माथी. संस्था तरली हे खरे, परंतु तिची किंमत कोणी भरली हे सांगितल्याविना अण्णांचे चरित्र पुरे होत नाही. त्याच बाया उतारवयात अण्णांबरोबर आफ्रिकेत निधीसाठी फिरल्या.

पुढे निष्काम कर्म मठ निघाला. पोटापुरते घेऊन आपली मिळकत व शक्ती कार्यास वाहणारे सेवक मिळावेत, असा त्याचा उद्देश. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले, ते विशेषतः लहानमोठ्या वर्गण्यांच्या बळावर. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. तिचे वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. मोठ्या दानाने मोठे काम झाले यात शंका नाही. पण पुढे देणगीच्या अटींवरून मतभेद होऊन ही रक्कम काही काळ अडली, तेव्हा थोडे थोडे देणारे अनेक हात किती मोलाचे असतात ते कळून आले.

१९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, अण्णांनी खेड्यांतील मुलांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. पेन्शन महिना ७० रुपये. त्यांतील १५ रुपये त्यांनी प्रथम स्वतः घातले. मग पुण्यातील घरांच्या पायऱ्या चढून ते वर्गणी मागू लागले. कोणी आणा दिला तरी तो तितक्याच आदराने घेतला जाई. १९५८ साली भारतरत्न झालेले अण्णा दिनांक ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, निवर्तले.