डॉक्टर शार्को

पॅरिस शहरांत सालपेत्रियेर नांवाचें एक विस्तीर्ण रुग्णालय आहे. मूळची ती बंदुकीच्या दारूची कोठी. पुढें निराधार, वृद्ध व असाध्य रोगांनीं जर्जर झालेल्या हजारों स्त्रियांना तेथें ठेवूं लागले. अशा ठिकाणीं ज्यां-मार्तें शार्को हे १८६२ सालीं वैद्य म्हणून रुजू झाले. गाड्या बनविणाऱ्या एका कारागिराच्या घरीं २९ नोव्हेंबर १८२५ रोजीं त्यांचा जन्म झाला होता. स्वभाव अबोल, हात मात्र चित्रकाराचा.

तेथील कित्येक स्त्रियांना कंप असे, व तो एकाच रोगाचा मानला जाई. शार्को यांनीं नीट निरखून पाहिलें. कांहींचा हात स्वस्थ बसल्या असतांच कांपे. कांहींचा हात एरव्हीं स्थिर राही व पाण्याचा पेला उचलूं जातां थरथरे. पहिला पार्किन्सनचा रोग. दुसरा अगदीं निराळा. दुसऱ्या प्रकारांत बुबुळें नाचत व बोलणेंहि तुटक होई. अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदूंत व पृष्ठरज्जूंत कठीण, करडे डाग सांपडत. ते डाग पूर्वीं इतरांनींहि रेखाटले होते. पण जिवंतपणींचीं लक्षणें आणि मरणोत्तर दिसणारे डाग यांची सांगड शार्को यांनीं १८६८ सालीं पक्की घातली. विजेच्या तारेवरील वेष्टण झिजावें तसें मज्जातंतूंवरील आवरण त्या डागांत नाहींसें होतें, तंतु मात्र पुष्कळसे शिल्लक राहतात, हें त्यांनीं दाखविलें. हाच मल्टिपल स्क्लेरोसिस होय.

कारण मात्र हातीं लागलें नाहीं. ओलसर थंडी, दीर्घ दुःख यांवर त्यांचा संशय होता. योजलेल्या औषधांनीं गुण आला नाहीं.

१८८२ सालीं मज्जासंस्थेच्या रोगांचें अध्यासन त्यांना मिळालें. त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास दूरदूरचे डॉक्टर येत. १८८५ सालीं व्हिएन्नाहून तरुण फ्रॉइडहि आले. या काळांतील त्यांचे उन्मादविषयक सिद्धांत मात्र टिकले नाहींत, आणि रोगी स्त्रियांना सभेपुढें उभें करणें आज कोणास रुचणार नाहीं. १६ ऑगस्ट १८९३ रोजीं ते वारले.

जे डाग पाहण्यासाठीं शार्को यांना रुग्णाच्या मरणाची वाट पाहावी लागे, ते १९८१ सालीं लंडनमध्यें चुंबकीय प्रतिमांच्या साह्यानें जिवंत माणसाच्या मेंदूंत दिसूं लागले. आतां तर कधींकधीं कोणतेंहि लक्षण उमटण्यापूर्वींच ते दृष्टीस पडतात. पुष्कळ डागांच्या मध्यभागीं एक बारीक शीर आढळते. ही शीर रिंडफ्लाइश या जर्मन शास्त्रज्ञानें १८६३ सालींच सूक्ष्मदर्शकांतून पाहिली होती. रक्तांतील रक्षक पेशी त्याच वाटेनें मेंदूंत शिरून आवरणावर उलटतात, असें आज मानतात. अमेरिकी सैन्यांतील एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदींवरून २०२२ सालीं आढळलें कीं, एपस्टाइन-बार या विषाणूच्या संसर्गानंतर या रोगाचा धोका सुमारें ३२ पटींनीं वाढतो. हा विषाणु बहुतेक सर्वांच्या शरीरांत शिरतो. मग रोग थोड्यांनाच कां जडतो, याचा शोध चालू आहे.