डोंगरावर गाडी नेणारे अब्दुल हुसेन

कर्जत तालुक्यातील नेरळ स्थानकात तुम्ही उतरलात, तर मोठ्या रुळांशेजारी फक्त दोन फूट रुंदीचे रूळ दिसतील. ते अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी घातले.

पूर्वी माथेरानला पायी, घोड्यावर किंवा डोलीतून जावे लागे. अब्दुल हुसेन यांनी डोंगर पायाखाली घातला आणि मार्ग आखला. खर्च सुमारे १६ लाख रुपये! तो वडील सर आदमजी यांनी उचलला. ही गाडी सरकारची नव्हती. ती बुडाली असती, तर घरचाच पैसा बुडाला असता.

१९०४ साली काम सुरू झाले. चढ फार, म्हणून रूळ वळणावळणाने नेले. साधे इंजिन अशा वळणावर अडते. त्यासाठी जर्मनीहून चार खास इंजिने आणली. त्यांची पुढची व मागची चाके वळणावर थोडी बाजूला सरकत. पण इंजिन बिघडले तर? दोन फुटी इंजिन मोठ्या रुळांवरून मुंबईच्या कारखान्यात जाणार कसे? तेव्हा नेरळलाच इंजिनांची शेड आणि दुरुस्तीची सोय हवी होती.

मार्च १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोहोचली. नेरळची शेड अजून आहे. आता तेथे डिझेल इंजिने उभी असतात.